युरोपातल्या ज्यूद्वेषाची बातमी वाचताना

युरोपात कुठे ज्यूंवर हल्ला झाला की तासा-दोन तासांत मुंबईतल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात असतं, की युरोप हातचा गेला, सगळं मुसलमानांनी केलं, आता तरी डोळे उघडा. दुसऱ्यात असतं, की ज्यूद्वेष वगैरे काही नाही, गाझावरून लक्ष उडवण्यासाठी इस्रायलने उठवलेली ओरड आहे. दोन्ही पाठवणाऱ्यांना युरोपातल्या ज्यूंशी काही घेणंदेणं नसतं. त्यांना इथल्या भांडणात भिरकवायला एक दगड हवा असतो, तो मिळतो.

याचा मनापासून राग येतो, कारण मुंबईला ज्यू माणूस ऐकून माहीत नाही, शेजारी म्हणून माहीत आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावं लावणारी बेने इस्राएल मंडळी, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, पिढ्यानपिढ्या मराठीत बोलत, भांडत, कीर्तन करत आली. रायगडच्या किनाऱ्यावर घाणे चालवायची आणि शनिवारी बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मशीद बंदरजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ सालचं. वरळी नाक्याकडून महालक्ष्मीला जाताना ज्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपण जातो, ते मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर होते. आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये जे झालं ते तर या शहराने रात्रंदिवस टीव्हीवर पाहिलं.

म्हणून ही बातमी नीट वाचायची कशी, आकडे कुठून येतात, कुठे फसवतात, एवढंच इथे लिहायचं आहे.

आकडा कोण मोजतं, कसा मोजतं

पहिली गोष्ट, 'युरोपातल्या ज्यूद्वेषी घटना' असा एकच आकडा अस्तित्वात नाही. प्रत्येक देशाची मोजायची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे फ्रान्सचा आकडा जर्मनीच्या आकड्याशेजारी ठेवून 'जर्मनी जास्त वाईट' म्हणणं साफ चूक आहे.

फ्रान्समध्ये गणती होते ती मुख्यतः पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांची. ज्यू समाजाची सुरक्षा पाहणारी एक संस्था तिथे १९८० पासून आहे. त्या वर्षीच्या ३ ऑक्टोबरला पॅरिसच्या कोपर्निक रस्त्यावरच्या सिनेगॉगबाहेर बॉम्बस्फोट होऊन चार माणसं गेली, त्यानंतर ती उभी राहिली. ही संस्था आणि गृहखातं आपापल्या नोंदी ताडून पाहतात. २०२२ मध्ये नोंद झाली ४३६ घटनांची. २०२३ मध्ये १,६७६. २०२४ मध्ये १,५७०. यात पोलिसांकडे न गेलेली शिवी नाही, मेट्रोमध्ये सीट सोडून लांब जाऊन बसलेला माणूस नाही, वर्गात मुलाच्या वहीवर काढलेलं नाझी स्वस्तिक शिक्षकाने खोडून टाकलं असेल तर तेही नाही. म्हणजे फ्रान्सचा आकडा हा तळाचा आकडा समजायचा.

ब्रिटनमध्ये कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट ही संस्था मोजते. तिच्याकडे फोन किंवा ईमेल आला की आधी ठरवलं जातं की घटना ज्यूद्वेषी आहे का. सिनेगॉगची काच फुटली एवढ्यावर ती मोजली जात नाही. शेजारच्या दुकानाचीही फुटली असेल, चोरीचा प्रयत्न असेल, तर ती वेगळ्या खात्यात जाते. ज्यूंना लक्ष्य केल्याचा पुरावा लागतो: बोललेले शब्द, काढलेलं चिन्ह, निवडलेली जागा. मग ती सहापैकी एका कप्प्यात पडते. जिवावर बेतेल असा हिंसाचार, मारहाण, मालमत्तेची नासधूस, धमकी, शिवीगाळ व अपमान, आणि एकाच मजकुराची घाऊक पत्रकं किंवा ईमेल. इंटरनेटवर संस्थेने स्वतः शोधून काढलेला द्वेष मोजत नाहीत. कुणी तक्रार केली आणि करणारा किंवा सोसणारा ब्रिटनमधला असेल तरच मोजतात. २०२३ मध्ये चार हजारांहून जास्त घटना धरल्या गेल्या आणि दोन हजारांहून जास्त तक्रारी 'ज्यूद्वेषाचा पुरावा नाही' म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. या बाजूला ठेवलेल्यांचा उल्लेख फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. माझ्या दृष्टीने मात्र संस्थेवर विश्वास ठेवावा तो याच कारणासाठी.

आणखी एक बारकावा. २०२३ चा आकडा आधी ४,१०३ असा प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षीच्या अहवालात तोच ४,२९६ झाला, कारण लोक उशिरा कळवतात, काही जण तर कित्येक महिन्यांनी. दोन वेगवेगळे आकडे दिसले की 'बघा, खोटारडे' म्हणून उड्या मारणारे असतात. तारीख बघितली की भानगड सुटते. २०२४ चा आकडा ३,५२८ होता. तो २०२३ पेक्षा खाली आहे आणि २०२२ च्या सुमारे १,६६० च्या दुप्पट आहे. 'ज्यूद्वेष घटला' आणि 'ज्यूद्वेष दुप्पट झाला' हे दोन्ही मथळे त्याच एका आकड्यावर निघू शकतात, तुलना कोणत्या वर्षाशी केली एवढाच फरक.

जर्मनीत दोन समांतर मोजण्या चालतात. पोलीस फक्त गुन्हे मोजतात: २०२२ मध्ये २,६४१, २०२३ मध्ये ५,१६४, २०२४ मध्ये ६,२३६. रियास नावाचं नागरी जाळं गुन्हा नसलेल्या घटनाही मोजतं. २०२४ मध्ये त्यांची नोंद ८,६२७ होती. जर्मनीत होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेलं ज्यूंचं शिरकाण, नाकारणं हाच गुन्हा आहे, फ्रान्समध्ये १९९० पासून आहे, ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही. तेव्हा तेच वाक्य बर्लिनमध्ये गुन्ह्याच्या आकड्यात जातं, लंडनमध्ये जात नाही.

जर्मन पोलिसांच्या आकड्यातली मोठी खोट समजून घ्यायला हवी. प्रत्येक गुन्ह्याला हेतूचा एक कप्पा द्यावा लागतो: उजवा, डावा, परकी विचारसरणी, धार्मिक विचारसरणी, इतर. भिंतीवर स्वस्तिक आहे, काढणारा सापडला नाही, दुसरा धागा नाही, तर बराच काळ असा गुन्हा आपसूक उजव्या कप्प्यात टाकायची रीत होती. २०२२ मध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त गुन्हे उजव्यांच्या नावावर होते. २०२४ मध्ये ते निम्म्याच्या आसपास आले. यातलं किती खरोखर बदललं आणि किती नोंदीच्या रीतीमुळे दिसलं, हे आकड्यावरून सुटं करता येत नाही. 'जर्मनीत सगळे नाझीच करतात' किंवा 'सगळे अरबच करतात' असं म्हणणाऱ्याला हा कप्प्यांचा खेळ माहीत असतो का, हे विचारून बघा.

दर काढल्याशिवाय तुलना करू नका

इंग्लंड आणि वेल्सचे मार्च २०२४ पर्यंतच्या वर्षाचे पोलिसी आकडे घ्या. धर्मावरून झालेले, मुसलमानांना लक्ष्य केलेले गुन्हे ३,८६६. ज्यूंना लक्ष्य केलेले ३,२८२. नुसतं वाचलं तर वाटेल, जवळपास सारखंच आहे. आता २०२१ ची जनगणना शेजारी ठेवा. ज्यू साधारण २ लाख ७१ हजार, मुसलमान साधारण ३८ लाख ७० हजार. भागाकार केला की दहा हजार ज्यूंमागे १२१ गुन्हे आणि दहा हजार मुसलमानांमागे १०. एका लहान समाजावर किती दाट मारा होतो ते इथे दिसतं.

पण याच भागाकाराचा गैरवापरही होतो. दहा हा आकडा छोटा दिसतो म्हणून मुसलमानांना काही होत नाही असा अर्थ काढू नका. मुसलमान समाजातून तक्रार पोलिसांपर्यंत जायचं प्रमाण कमी असतं. नोंदवून घेणारी जाळी ज्यू समाजाइतकी जुनी आणि पक्की नाहीत, आणि जिचा बुरखा कुणी ओढला त्या बाईला पोलीस चौकीत जाऊन पुन्हा तेच ऐकायचं नसतं. फ्रान्समध्ये २०२४ ला मुस्लीमविरोधी घटनांची नोंद अवघी १७३ झाली. तिथे जाणती माणसं या आकड्याला फारशी किंमत देत नाहीत. पुढच्याच एप्रिलमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रां-कोंब गावात मशिदीत नमाज पढणाऱ्या तरुणाला भोसकून मारलं. युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेच्या २०२४ च्या अहवालात जवळपास निम्म्या मुसलमानांनी वंशभेदाचा अनुभव सांगितला. ज्यूंचं दुःख मोठं दाखवायला मुसलमानांचं लहान करायची गरज नाही. आकडे तसं करायला सांगतही नाहीत.

त्याच संस्थेने ज्यूंचंही सर्वेक्षण केलं. १३ देश, जवळपास आठ हजार माणसं, जानेवारी ते जून २०२३. ९६ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात ज्यूद्वेषाशी गाठ पडल्याचं सांगितलं. ७६ टक्के लोक निदान कधीतरी आपली ओळख लपवतात. ३४ टक्के लोक भीतीपोटी ज्यू कार्यक्रमांना किंवा जागांना जायचं टाळतात. हे सर्वेक्षण ऑनलाइन होतं, ज्याला भरावंसं वाटलं त्याने भरलं. तेव्हा ९६ हा आकडा सगळ्या ज्यूंवर जसाच्या तसा लावता येत नाही. तरी एक गोष्ट ठळक आहे: हे सगळं ७ ऑक्टोबर २०२३ च्या आधीचं आहे. 'गाझा सुरू झालं म्हणून लोक चिडले' हे स्पष्टीकरण या उत्तरांना लागूच पडत नाही.

त्या ऑक्टोबरचा क्रमही बघा. हमासचा हल्ला ७ तारखेला. ब्रिटनमधल्या नोंदी पहिल्याच आठवड्यात उसळल्या. इस्रायलची जमिनीवरची मोठी कारवाई २७ ऑक्टोबरला सुरू झाली. म्हणजे ज्यू मेल्याची बातमी आली तेव्हाच लंडनमधल्या ज्यूंना शिव्या पडायला लागल्या होत्या. यावर मी बराच विचार केला आहे, आणि मला याचा एकच अर्थ लागतो: काही लोकांना निमित्त हवं असतं, कुणाची बाजू खरी याच्याशी त्यांचा संबंध नसतो. हे म्हणताना गाझात गेलेल्या हजारो जिवांची किंमत कमी होत नाही. तो वेगळा आणि तेवढाच गंभीर हिशेब आहे.

कोण करतं, या प्रश्नाचं एक उत्तर नाही

तूलूझच्या ज्यू शाळेत मार्च २०१२ मध्ये एक शिक्षक आणि तीन मुलं मारली गेली, मारणारा जिहादी होता. ब्रसेल्सच्या ज्यू संग्रहालयात मे २०१४ मध्ये चार जण, तोही. पॅरिसच्या कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारचं अन्न विकणाऱ्या, सुपरमार्केटमध्ये जानेवारी २०१५ मध्ये चार जण, तोही. ही यादी लपवणं म्हणजे ज्यूंचा विश्वासघात आहे. युरोपातल्या उदारमतवादी मंडळींनी तो बऱ्याचदा केला. मुसलमानविरोधी ठरू या भीतीने ते गप्प बसले आणि बोलायची जागा अतिउजव्यांना मोकळी मिळाली.

पण जर्मनीतल्या हाले शहराची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. ९ ऑक्टोबर २०१९, योम किप्पूर, ज्यूंचा उपवासाचा सर्वांत पवित्र दिवस. पन्नासहून जास्त माणसं प्रार्थनेला आत. बाहेर एक अतिउजवा जर्मन तरुण, घरी बनवलेल्या बंदुका, डोक्याला कॅमेरा, थेट प्रक्षेपण चालू. दाराबाहेर पोलीस नव्हता. दार आतून बंद होतं, आणि ते टिकलं. गोळ्या घातल्या, स्फोटकं लावली, दार उघडलं नाही. मग त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला मारलं आणि जवळच्या कबाबच्या दुकानात जाऊन एका माणसाला मारलं. कबाबचं दुकान का? कारण तिथे मुसलमान सापडतील असं त्याला वाटलं. त्याच्या डोक्यात साखळी पक्की होती: मुसलमान निर्वासित युरोपात येतात, त्यांना आणणारे पडद्यामागचे ज्यू. ज्यूंचा कैवार घेऊन मुसलमानांविरुद्ध मेसेज पुढे ढकलणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी हे एकदा शांतपणे वाचावं. त्या तरुणाच्या यादीत दोघंही होते.

पॅरिसच्या त्याच सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतगृहात लपायला मदत करणारा कर्मचारी मालीहून आलेला मुसलमान होता. पुढे फ्रान्सने त्याला नागरिकत्व दिलं. मँचेस्टरमध्ये २ ऑक्टोबर २०२५ ला, पुन्हा योम किप्पूरलाच, सिनेगॉगबाहेर माणसांवर गाडी घातली आणि चाकू चालवला गेला. आतल्या लोकांनी दार रेटून धरलं. दोन जण गेले, त्यातला एक पोलिसांनी हल्लेखोराला थोपवायला झाडलेल्या गोळीने. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत हा तपशील नव्हता, दुसऱ्या दिवशी आला.

दाराविषयी थोडं सविस्तर

युरोपातल्या मोठ्या शहरांतलं सिनेगॉग बऱ्याचदा बाहेरून ओळखूच येत नाही. फलक नसतो किंवा लहान असतो. रस्त्याच्या कडेला गाडी घुसू नये म्हणून लोखंडी किंवा सिमेंटचे खुंट. काचांवर आतून पातळ फिल्म, काच फुटली तरी तुकडे उडू नयेत म्हणून. मग दोन दारांची खोली: पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. बाहेरच्या पाहुण्याने आधी नाव आणि ओळखपत्र कळवायचं, पिशवी दाखवायची, आणि 'आज कोणता सण आहे' असा साधा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं. दारावर उभे असतात ते बहुतेक समाजातलेच स्वयंसेवक, नोकरी-धंदा सांभाळून पाळी करणारे. कोपनहेगनमध्ये फेब्रुवारी २०१५ ला आत एका मुलीचा वयात येण्याचा सोहळा चालू असताना बाहेर पाळीवर असलेला असाच एक जण मारला गेला.

प्रार्थना सुटल्यावर फुटपाथवर गप्पा मारत उभं राहू नका, ही सूचना सगळीकडे मिळते. देवळातून बाहेर आल्यावर चपला घालता घालता ज्या गप्पा रंगतात, त्या यांच्या आयुष्यातून गेल्या आहेत. आकड्यांच्या कुठल्याच कप्प्यात हे पडत नाही.

पैसा कुणाचा, हाही प्रश्न आहे. ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यू शाळा आणि सिनेगॉगच्या सुरक्षेसाठी चार वर्षांत सात कोटी वीस लाख पौंड जाहीर केले. फ्रान्सने जानेवारी २०१५ नंतर सुमारे दहा हजार सैनिक रस्त्यांवर उतरवले. पहारा असला की हल्ले कमी होतात, पण मूल रोज बंदुकीशेजारून शाळेत जातं. यावर अजून कुणाकडेही चांगला तोडगा नाही.

दोन क्लिपा

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी पॅरिस आणि उपनगरांतल्या भिंतींवर स्टेन्सिलने छापलेले, ज्यूंची खूण असलेले सहा टोकांचे निळे तारे दिसले, अडीचशेच्या आसपास. १९३० च्या दशकातल्या खुणा आठवून जगभर हळहळ झाली. पोलिसांना सापडलं ते मोल्दोव्हाहून आलेलं एक जोडपं, पैसे घेऊन काम केलेलं. फ्रेंच परराष्ट्र खात्याने सांगितलं की या फोटोंना हवा देणारं जाळं रशियाशी जोडलेलं होतं. म्हणजे ज्यूंची भीती खरी आणि तारे काढणाऱ्याचा हेतू वेगळाच: फ्रेंच समाजात काडी लावून बघणं. पहिल्या दोन दिवसांत ज्यांनी 'मुसलमानांनी ज्यूंची घरं खुणावली' असं फॉरवर्ड केलं, त्यांनी न मागता ते काम पुढे नेलं.

दुसरी क्लिप अॅमस्टरडॅमची. ७ नोव्हेंबर २०२४, तिथला अयाक्स विरुद्ध इस्रायलचा मक्काबी तेल अवीव असा फुटबॉल सामना. क्रम असा: आदल्या रात्री मक्काबीच्या काही पाठीराख्यांनी पॅलेस्टिनी झेंडा उतरवला, एका टॅक्सीची नासधूस केली. सामन्याच्या दिवशी अरबांविरुद्ध घाणेरड्या घोषणा दिल्या. रात्री स्कूटरवरून आलेल्या टोळ्यांनी शहरभर इस्रायली पाहुण्यांना हेरून हेरून मारलं, पाच जण रुग्णालयात गेले. यातलं पहिलं गाळून दुसरं सांगितलं तरी खोटं, दुसरं गाळून पहिलं सांगितलं तरी खोटं. एका डच छायाचित्रकार बाईंनी टिपलेला, मक्काबीचे लोक मारहाण करत असलेला व्हिडिओ कित्येक मोठ्या वाहिन्यांनी नेमका उलटा, 'इस्रायलींवर हल्ला' म्हणून दाखवला. त्या बाईंना स्वतः जाहीरपणे दुरुस्ती मागावी लागली.

तेव्हा क्लिप आली की आधी दुकानाच्या पाट्यांची भाषा, गाड्यांच्या नंबरप्लेटचा रंग, अंगावरचे कपडे त्या ऋतूचे आहेत का, हे बघा. एक स्थिर चित्र काढून उलट्या शोधात (रिव्हर्स इमेज सर्चमध्ये) टाका, जुनी असेल तर लगेच कळतं. त्या शहराच्या पोलिसांचं निवेदन शोधा. दोन दिवस थांबा. जुलै २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला तेव्हा मारेकरी मुसलमान निर्वासित असल्याची अफवा उठली आणि दुसऱ्याच संध्याकाळी मशिदीवर विटा पडल्या. आरोपी कार्डिफला जन्मलेला निघाला. इंग्लंडमधल्याच लेस्टरला २०२२ मध्ये हिंदू-मुसलमान तणाव पेटला तेव्हा मुलीच्या अपहरणाचा प्रयत्न झाल्याची अफवा पोलिसांनी खोटी ठरवली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

टीका कुठे संपते

इस्रायल सरकारवर टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे, हे तर खुद्द कित्येक ज्यू म्हणतात. रेघ कुठे ओढायची यावर भांडण आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीने मे २०१६ मध्ये स्वीकारलेल्या ज्यूद्वेषाच्या व्याख्येसोबत ११ उदाहरणं आहेत, त्यातली बरीचशी इस्रायलविषयी. मसुद्याच्या प्रमुख लेखकांपैकी केनेथ स्टर्न यांनीच पुढे तिचा विद्यापीठांत बोलण्यावर बंदीसाठी वापर करायला विरोध केला. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा म्हणून पर्यायी मांडणी केली. दोन्ही वाचाव्यात, फार मोठ्या नाहीत.

रोजच्या वापराला मी तीन प्रश्न विचारते. मोर्चा दूतावासावर होता की सिनेगॉगवर? आरोप सरकारच्या कृतीवर होता की एका समाजाच्या रक्तावर? आणि आरोपाखाली जुनंच भूत आहे का: मुलांचं रक्त पिणारे, पैशावर बसलेले, पडद्यामागून जग चालवणारे? फ्रान्समधल्या ल्योंच्या कोशर खाटिकाला नेतन्याहूंचा जाब विचारायचा नसतो, जसा लेस्टरमधल्या मराठी नर्सला दिल्लीतल्या निर्णयाचा विचारायचा नसतो.

आणि सगळेच तणाव द्वेषातून येत नाहीत. बेल्जियममध्ये फ्लांडर्स आणि वालोनियाने २०१९ पासून जनावराला बेशुद्ध न करता कापायला बंदी केली. युरोपियन न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ती उचलून धरली, मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये. कोशर आणि हलाल दोन्ही अडले. कलोनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये एका मुस्लीम मुलाच्या सुंतेला इजा ठरवलं तेव्हा ज्यू आणि मुसलमान एकाच बाजूला उभे राहिले, आणि त्याच डिसेंबरात जर्मन संसदेने सुंतेला परवानगी देणारा कायदा केला. बाजू घेणाऱ्यांत प्राणिमित्रही असतात, डॉक्टरही असतात आणि निव्वळ परकं नको म्हणणारेही असतात. इथे घाईने कुणाला नाझी म्हणू नये.

आपल्याकडचंही एक सांगायलाच हवं. फोर्टच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी विकलं जातं. २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं आणि निषेधानंतर नाव बदललं. हे द्वेषातून होत नाही हे मान्य, पण भायखळ्याच्या मागेन डेव्हिडमध्ये प्रार्थनेला येणाऱ्या माणसाने ते रोज बघावं का?

मुंबई-पुण्याची कितीतरी मुलं आज म्युनिक, मँचेस्टर, ल्यों इथे शिकतात. ट्राममध्ये डोळ्यांसमोर असं काही घडलं तर काय करायचं, हे त्यांच्यासाठी. मारहाण होत असेल तर ११२ लावा, तो युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो आणि ब्रिटनमध्येही. करणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ज्याला त्रास होतोय त्याच्याशेजारी जाऊन उभं राहा, साधं काहीतरी बोला, पुढचा स्टॉप कुठला असं. चित्रीकरण केलं तर त्या माणसाला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. त्याचा चेहरा फिरायला लागला की त्रास दुप्पट होतो. घरी पोचायच्या आत लिहून ठेवा: तारीख, वेळ, ट्रामचा नंबर आणि दिशा, स्टॉपचं नाव, बोललेले शब्द जसेच्या तसे, शिवी असली तरी शिवीसकट, शक्यतो त्यांच्याच भाषेत. 'काहीतरी ज्यूंविरुद्ध बोलला' एवढ्यावर नोंद होत नाही. डब्यात कॅमेरे असतात, पण चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून तक्रार त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायला हवी. तुमचा नंबर त्या माणसाला द्या. साक्षीदार मिळाला नाही म्हणून बंद झालेली प्रकरणं खूप असतात.